चित्र येईपर्यंत

बस घाटात कोसळली एवढंच कळलं होतं. ती का कोसळली हे देवालाही ठाऊक नव्हतं, पण वृत्तनिवेदकाने ते देशोदेशी सांगून टाकलं. चित्रं यायची होती, आणि कानातल्या यंत्रातून निर्मातीबाई बजावत होत्या, "बोलत राहा, थांबू नका!" बोलण्यासारखं काही उरलं नाही तेव्हा तो म्हणाला, "चालकाला डुलकी लागली असावी."

बाकीच्या चॅनेलांनी ते उचललं आणि संध्याकाळपर्यंत डुलकी पक्की झाली.

पुढे चौकशीत निघालं की ब्रेक निकामी झाले होते. चालक चांगला जागा होता, नशिबाने वाचलाही होता. ही बातमी पडद्याच्या तळच्या पट्टीत येऊन सरकून गेली. निवेदकाचं मात्र दैव फळफळलं. चित्राविना एवढा वेळ किल्ला लढवला म्हणून त्याला मुख्य बातमीपत्र मिळालं, परदेशातली नेमणूक मिळाली, विमानतळावर लोक शेजारी उभे राहून फोटो काढू लागले. आईला कोण कौतुक! थोरली बहीण तेवढी जुनी वैरीण. "लहानपणीही असाच होतास. उत्तर येत नसलं की आवाज चढवायचास."

तो हसायचा, आणि मग जेवण जायचं नाही.

शेवटी नोकरी सोडून त्याने स्वतःची बातम्यांची कंपनी काढली. फर्निचरच्या दुकानावरचा मजला, भिंतींना चिकटवलेले गालिचे, आणि समोरून चकाचक पण मागून उघड्या फळ्यांचं टेबल. दारावर मोठ्या अक्षरांत लिहिलं होतं: 'चूक आमची, तर कबुलीही आमचीच.' पैसे लावणारे त्या ओळीवरच भाळले.

एके दुपारी एक माणूस ती ओळ वाचत दारात उभा राहिला.

"ओळखलंत का साहेब?"

"नाही बुवा."

"मी तो डुलकीवाला."

निवेदकाने खुर्ची पुढे केली.

"गोदामात पोती उचलतो हल्ली," चालक म्हणाला. "शाळेच्या बसवर जागा आहे. पण मुख्याध्यापिकाबाई म्हणतात, आईबाप ऐकायचे नाहीत. चौकशीचं सांगितलं तर म्हणतात, टीव्हीवर तर वेगळंच होतं. तुम्ही बोललात, तुम्हीच फिरवा."

"आजच फिरवतो," निवेदक म्हणाला, आणि त्याला खरंच तसं वाटत होतं.

संध्याकाळी चालक काचेपलीकडे बसला. दिवे लागले. निवेदकाने वाक्य मनाशी घोळवून ठेवलं होतं: डुलकीचं मी बोललो, माहिती नसताना बोललो. पण जन्मात कधी न अडखळलेली जीभ ऐन वळणावर स्वतःच वळली. "त्या अपघातानंतर काही वाहिन्यांनी चालकाला दोष दिला होता. तो निर्दोष होता."

काचेकडे बघायचं त्याने टाळलं.

बाहेर चालकाने हात जोडले. "काम होईल माझं यानं. उपकार झाले." मग जरा घुटमळून, "पण काही वाहिन्या कुठल्या हो? इस्पितळात माझ्या खाटेशेजारी बसून बायकोने तुम्हालाच पाहिलं होतं."

"पुढच्या वेळी नीट सांगतो."

"सांगा की. घाई नाही. आम्ही रोज बघतो तुम्हाला."

शाळेची बस आता तोच चालवतो. निवेदक रोज संध्याकाळी टेबलामागे बसतो, ते वाक्य ओठांपर्यंत आणतो आणि हवामानाकडे वळतो.