पडद्यामागून आलेला आवाज

नातीच्या गॅदरिंगसाठी आज सुनेने तोंडाला लावायच्या पांढऱ्या पावडरीत खोबरेल कालवलं, आणि त्या वासाने मला वडवणीच्या शाळेच्या मैदानावर नेलं.

तिथे मराठी आणि दखनी, दोन्ही बोलींतली नाटकं व्हायची. सगळी कामं गावकरीच करायचे. "तुला लोकांपुढं यायचं न्हाई ना? मग मागं बस," म्हणत गुरुजींनी नाटकाची वही माझ्या हातात दिली. कुणी विसरलं तर हळूच सांगायचं. माझी शाळा चौथीपर्यंत, म्हणून मी ओळीखाली बोट ठेवून वाचायचे.

फळवाल्यांची शाहीनभाभी नाटकात सासू झाली होती. तिची खरी सासू पुढेच बसली होती. "लोगां हसे तो फिर कब्बी नै भेजूंगी," असं तिने आधीच बजावलं होतं.

नाटकातली सून दारात येऊन उभी राहिली आणि भाभी ओळ विसरली. माझं बोट त्याच ओळीवर होतं, पण ती म्हणायचा धीर होईना. घामाने शाई फिसकटू लागली. पुढे कुजबुज सुरू झाली. भाभीची नजर माझ्याकडे वळली, तशी मी ओरडलेच, "बेटी, बाहर कायकू खडी? अंदर आ!"

सगळं मैदान हसलं. भाभी मात्र पडद्याकडे बघून म्हणाली, "तू कौन गे? तू बी आ ना अंदर!" तिची सासू तर डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसली.

मी पडदा घट्ट धरून बसले. कितीतरी वर्षं त्या ओरडण्याची लाज वाटायची. आता वाटतं, भाभीने बोलावलं तेव्हा दोन पावलं टाकायला हवी होती.