बदललेला जीवखडा

गोपिकाला राग येतच नाही, असं तिच्या सासरी सगळे धरून चालत. राग येत होता. ती तो साठवत होती. नवरा लग्नानंतर लवकरच गेला. सासऱ्यांनी तिला शिकवलं, कॉलेजात भूशास्त्राची प्रात्यक्षिकं घ्यायची नोकरी करू दिली आणि पारशिवनीच्या शेतातला धाकट्या मुलाचा वाटा गोपिकाचाच, हे सगळ्यांना बजावून ठेवलं. तिचे भासरे, म्हणजे थोरले दीर, भैय्याजी तिला चारचौघांत ‘दगडवाली’ म्हणत. ती ऐकून घेई आणि त्यांना पोळी वाढी.

१९७३ साली सासरे गेले. अग्नी भैय्याजींनी दिला. चितेपाशी ज्या खड्यानं मडकं फोडतात तो जीवखडा. मेलेल्याचा जीव दहाव्यापर्यंत त्यात असतो म्हणतात, म्हणून त्यावर रोज पाणी सोडायचं. भैय्याजींनी तो पंच्यात बांधून आणला आणि अंगणातल्या कडुलिंबाला टांगला. गोपिकानं सवयीनं उघडून पाहिला. घाटावर पसरलेला असतो तोच काळा बेसाल्ट, अंगभर बारीक भोकं. दुसऱ्या दिवशी भैय्याजी म्हणाले, “मी घाटावरच्या मठात राहतो, सुतक नीट पाळून होईल.” खडा घेऊन गेले ते दहाव्यालाच दिसले.

दहाव्याला पिंड मांडला आणि कावळा काही शिवेना. झाडावर ढीगभर बसले होते, एक खाली उतरेल तर शपथ. ऊन चढलं. महाराज दर्भाचा कावळा करायला बसले, तर भैय्याजींनी त्यांचा हात धरला.

“थांबा महाराज. बाबाचा जीव कशात अडकला ते मले माहीत आहे. गोपिका, म्हण न वं, पारशिवनीचा वाटा सोडला म्हणून. तुले पगार आहे, तुले कायले पाहिजे वावर?”

“म्हणून टाक वं बाई,” आतेसासू मैनाबाई म्हणाल्या. “माझ्या भावाले काहून तरसवून राहिली?”

सगळ्यांच्या नजरा गोपिकावर. ती पुढं आली, हातही जोडले, आणि तिचं लक्ष पिंडाजवळच्या खड्याकडं गेलं. करडा-गुलाबी खडा, अंगावर काळे-पांढरे पट्टे. तिनं तो उचलला.

“भैय्याजी, हा कुठला?”

“घाटावरचाच. आता इथंही दगडं पाहून राहिली का?”

“घाटावरचा दगड लाव्हाचा. भराभर थंड झालेला. त्यात वायूची भोकं राहतात, पट्टे नसतात. हा नाइस जातीचा. जुना दगड जमिनीच्या पोटात दबून, भाजून असा होतो. भोकं राहत नाहीत, पट्टे पडतात. रोज पाणी घातलं म्हणून एकाचा दुसरा होत नाही.” तिनं खडा मैनाबाईंपुढं धरला. “हा पारशिवनीच्या नाल्यात पायाला लागतो. सुतकात तिकडं काय काम काढलं होतं, भैय्याजी?”

भैय्याजींनी पंच्यानं तोंड पुसलं.

“पहिला बसमधी पडला,” ते पुटपुटले. “नाल्यातून दुसरा उचलला.”

“पण गेलता कायले?” मैनाबाई.

“ठेकेदार येणार होता... हिच्या बांधावरचा साग पाहायले.”

“माझ्या भावाचा जीव एसटीत टाकून आला का रे मेल्या!”

गोपिकाला इथं थांबता आलं असतं. ती थांबली नाही.

“आता तुम्ही म्हणा, मोठ्यानं. वाटा गोपिकाचा, साग गोपिकाचा, मी तिकडं पाय ठेवणार नाही.”

भैय्याजींनी हात जोडले. “वाटा गोपिकाचा,” एवढं म्हणतात तोच कावळा उतरला आणि पिंडाला चोच मारून गेला. सगळे सुटल्यासारखे उठले. भैय्याजींनीही हात खाली घेतले.

“साग राहिला,” गोपिका म्हणाली. “पूर्ण म्हणा.”

मैनाबाई कमरेवर हात ठेवून उभ्या होत्या. भैय्याजींनी पूर्ण म्हटलं.

वर्षश्राद्धापूर्वी तिनं एकच सागाचं झाड तोडवलं आणि त्याचा पाट करून घेतला. जेवणाच्या वेळी भैय्याजींना नेमकं त्यावर बसवलं. पानात मिठाशेजारी तो पट्ट्यांचा खडा ठेवला होता, धुऊन.

“बसा,” ती म्हणाली, आणि पोळी वाढली.