त्याच्या ओठांकडे बघून

पेडण्याच्या हॉटेलातली माझी नोकरी ज्याने वाचवली, त्याचे नावही मी विचारले नाही. कराओकेसाठी मी लॅपटॉप टीव्हीला जोडला, तर गाण्याची अक्षरे लॅपटॉपवरच राहिली. शेठ म्हणाले, "लागलां नाय तर उद्या तुझ्या गावची, गडहिंग्लजची बस धर."

कोपऱ्यात जेवणारा म्हातारा उठला. दोन बटणे दाबून त्याने अक्षरे टीव्हीवर आणली. लोकांनी माईक त्यालाच दिला. त्याने तो माझ्या हातात दिला. गळ्यावरचा रुमाल सारून, तिथल्या भोकावर बोट ठेवून तो घरघरला, "आवाज ऑपरेशनात गेलो. तू म्हण रे, मी तोंड हलयतंय."

माझी शाळा चौथीत सुटलेली. वाचेपर्यंत अक्षरे पळायची. म्हणून त्याच्या ओठांकडे बघत गायलो. कडव्यात मध्येच ते ओठ थरथरून थांबले. मीही थांबलो. टीव्हीवर गाणे तसेच पुढे गेले.