एकाच ढिगाची पोपटी

आज बांधावर भांबुर्ड्याचा पाला तोडला आणि त्या उग्र वासाने मला थेट त्या जानेवारीत नेऊन बसवलं.

मी मुंबईला विद्यापीठात शिकत होते. कँटीनमधलं मधलं टेबल इंग्रजीवाल्यांचं, खिडकीजवळचं स्कॉलरांचं आणि आम्हा गाववाल्यांचं हात धुवायच्या बेसिनशेजारी. वर्षभर मी तोंडातला गावचा ‘गो’ गिळूनच बोलत होते. मग सर्व्हेसाठी अख्खा वर्ग रोह्याला आला आणि सरांनी पोपटीचा, म्हणजे मडक्यात शेंगा भाजायचा बेत नेमका वरसे गावात, आमच्याच शेतावर ठरवला.

आईने मडक्यात भांबुर्ड्याचा पाला अंथरून वालाच्या शेंगा, मीठ, ओवा भरला. मधल्या टेबलाची राणी रिया म्हणाली, “पाणी नाही घालणार? जळेल ना सगळं!” सगळे हसले. माझे कान तापले.

मडक्याचं तोंड पाल्याने गच्च बंद करून, ते उपडं घालून आईने भोवती पेंढा पेटवला. अर्ध्या तासाने तिने त्यावर पाणी शिंपडलं. थेंब चर्र करून उडाले. “झाली गो!” पाला काढून सगळं एका ढिगात ओतलं तर शेंगा मऊसूत, एकही करपलेली नाही. मुलं आपापल्या घोळक्यांत बसायला लागली, तशी आई ओरडली, “येगळे येगळे काय बसताय? ढीग एकच हाय!” रिया सगळ्यांत आधी मांडी घालून बसली आणि सगळ्यांत शेवटी उठली.

तेव्हा वाटलं, आईने रियाला जिंकलं. आता कळतं, त्या जाळात माझीच भीती जळाली होती.

सोमवारी मी ताट घेऊन तडक मधल्या टेबलाशी गेले.

“सरक गो जरा.”

रियाच काय, अख्खा बाक सरकला.