माने, मी आणि चिकटलेला पिस्टन

किस्से कुणी मुद्दाम जमवत नाही. दोन मराठी माणसांना एका जर्मन कारखान्यात शेजारीशेजारी कामाला लावा, ते आपोआप जमतात! त्यातला एक सगळ्यांचा लाडका असेल आणि दुसरी मी असेन, तर मग विचारूच नका.

साठच्या दशकातली गोष्ट. मी, पुण्याची पुष्पा शिर्के, दक्षिण जर्मनीतल्या एका छोट्या कारखान्यात तेलाच्या लॅबमध्ये होते. सांगलीचे माने टेस्टिंगला. आमचे साहेब हेर ब्रांडल, 'हेर' म्हणजे जर्मनमध्ये श्रीयुत. बर्फावर धावणाऱ्या स्कूटरची टू-स्ट्रोक इंजिनं आम्ही करायचो. या इंजिनाला तेल वेगळं मिळत नाही, पेट्रोलमध्येच मिसळून द्यायचं. पेट्रोल अडलं की तेल अडलं, आणि पिस्टन सिलिंडरमध्ये घट्ट चिकटला! तो चिकटू द्यायचा नाही, हे आमचं काम.

पहिल्याच दिवशी ब्रांडलनी दोघांना विचारलं, "बर्फ पाहिलाय का कधी?"

मी खरं सांगितलं, "नाही."

माने छाती फुगवून म्हणाले, "हो, हो! लहानपणापासून!"

ब्रांडल खूश. त्या दिवसापासून बर्फाचं काही निघालं की "मानेला विचारा!"

बाहेर आल्यावर मी धरलंच त्यांना. "अहो माने, सांगलीला बर्फ कुठे पडतो हो?"

"पडतो कुठे? रसवंतीत फोडतात की!"

*

थंडीत घट्ट तेल थेट गार पेट्रोलमध्ये ओतलं, तर ते मिसळत नाही. तळाशी जाऊन बसतं. मग इंजिनाला आधी नुसतं पेट्रोल मिळतं आणि पिस्टन कोरडा पडतो. हे मी तीन आठवडे काचेच्या नळ्या गार करकरून शोधलं. उपायही काढला. उबदार खोलीत तेल आधी थोड्या पेट्रोलमध्ये कालवायचं, डबा हलवायचा, मग उरलेलं पेट्रोल घालायचं.

सगळ्यांसमोर करून दाखवलं. ब्रांडल म्हणाले, "गेनाऊ!" म्हणजे अगदी बरोबर! मी हसणार, तेवढ्यात माने त्यांच्या गोड जर्मनमध्ये म्हणाले, "आमच्याकडे पिठलं असंच करतात. पीठ आधी थोड्या पाण्यात कालवायचं, नाहीतर गुठळ्या होतात!"

झालं! सगळे हसले, पाठीवर थापा पडल्या, आणि कारखान्यात माझ्या मिश्रणाचं नाव पडलं 'माने-मिश्रण'.

या माणसाने जन्मात पिठलं केलं नव्हतं हो! फक्त खाल्लं होतं!

*

मग डोंगरावरची चाचणी निघाली. मी कपाटातून लोकरीचे मोजे काढून ठेवले. ब्रांडल अवघडून म्हणाले, "फ्रॉयलाइन शिर्के, वर बायकांची सोय नाही." म्हणजे माने जाणार!

गेले. लांब उतारावर स्कूटर वेगात होती आणि मान्यांनी थ्रॉटल पूर्ण सोडून दिला. इंजिन गरगर फिरतंय, आत पेट्रोल जात नाही, म्हणजे तेलही नाही. पिस्टन चिकटला, स्कूटर जागच्या जागी थांबली आणि माने मात्र पुढे गेले. थेट बर्फाच्या ढिगात!

त्यावरून नियम झाला, की उतारावर मधूनमधून थ्रॉटल थोडा दाबत राहायचा. म्हणजे मी शोधलं तर कष्ट, आणि हे नुसते पडले तरी शोध!

वरून मला त्यांचं पोस्टकार्ड आलं. एकच ओळ. "शिर्केबाई, बर्फ गार असतो."

मी ते फाडलं. मग चिकटवलं. मग परत फाडलं.

*

एकदा मात्र मान्यांची चूक झाली. तेल मिसळायचंच विसरले! नुसत्या पेट्रोलवर इंजिन सुरू केलं. किंचाळल्यासारखा आवाज झाला आणि सगळं शांत. मला आतून अशा आनंदाच्या उकळ्या फुटल्या म्हणून सांगू! आता ब्रांडल काय करतात बघू, म्हणून मी लॅबचं दार उघडं टाकून बसले.

ब्रांडलनी तो ओरखडलेला पिस्टन बाहेर काढला, स्वच्छ पुसला आणि मान्यांच्या हातात दिला. "घे. इथे प्रत्येकाचा एक असतो. आता तू आमच्यातला!"

चार वर्षांत माझ्या हातून एकही चूक झाली नव्हती. त्यामुळे माझ्याकडे पिस्टनही नव्हता!

*

मान्यांच्या पत्नी वत्सलाताई सांगलीहून आल्या, तेव्हा मी चिवडा घेऊन भेटायला गेले. बाई माझ्याशी बोलेनात. चहा दिला, तोही नजर न उचलता. शेवटी मीच विचारलं, "वत्सलाताई, माझं काही चुकलं का?"

त्या उठल्या आणि ट्रंकेतून पत्रांचा गठ्ठा काढून आणला. "चार वर्षं ह्यांची पत्रं वाचतेय. पानपानभर तुम्हीच!"

माने लाल झाले. "अगं, राहू दे ना ते."

"का राहू दे?" त्यांनी एक पत्र उघडून मोठ्यानेच वाचलं. "'आज शिर्केबाईंनी पेट्रोलच्या नळीतली जाळी काढून दाखवली. पाण्याचा थेंब गोठून बसला होता, म्हणून तेल पोचत नव्हतं. आम्ही आठवडाभर नुसते पिस्टन बदलतोय! मला हे जन्मात सुचलं नसतं. ब्रांडलसाहेब त्यांच्याशी बोलताना टोपी काढतात, माझ्याशी कधीच नाही. रात्रभर झोप लागली नाही.'"

माने खिडकीबाहेर बघत होते. मी हातातला कप खाली ठेवला.

"वत्सलाताई," मी म्हटलं, "ते पत्र मला द्याल?"

त्यांनी पत्राची घडी घातली आणि पदराखाली घट्ट धरली.

"अंहं. आधी माझ्यामुळे झोप उडाल्याचं एक लिहून घेते ह्यांच्याकडून. मग हे तुम्हाला!"