निजू देत ती पानं

माझ्या ताईने तीस वर्षं शाळेसमोरचा रस्ता झाडला. पानगळ लागली की ती पुढे सरकेपर्यंत मागचा रस्ता पुन्हा पिवळा व्हायचा आणि मुकादम ओरडायचा, "बाई, हा काय पसारा?" ती निवृत्त झाली आणि वसाहतीमागे भाजी लावायला जमिनीचे तुकडे मिळतात, त्यातला एक तिच्या वाट्याला आला. चार पावलं रुंद, सहा पावलं लांब. तिला स्वर्ग दोन बोटं उरला.

तिथे तिने लसूण लावला आणि वर झाडांची पानं पडू दिली. एक उचलेल तर शपथ! बादली पालथी घालून त्यावर बसायची आणि नुसती बघत राहायची. एखादं पान फांदीवरून सुटायचं, गिरक्या घेत, रमतगमत खाली यायचं आणि तिच्या मांडीवर टेकायचं. ऊन अगदी मऊ असायचं. डबा घेऊन गेलेली मीही तासन्‌तास तिथेच. खरं तर मी काही तशातली नाही, माझ्या नाकावर सदा राग.

"उचल गं तो कचरा," मी म्हणायची.

"तीस वर्षं यांना घटकाभर टेकू दिलं नाही मी. निजू देत आता."

मग वसाहतीच्या सेक्रेटरींनी सूचनेचा कागद चिकटवला. रविवारी पाहणी. ज्याचा तुकडा स्वच्छ नसेल, त्याचा काढून यादीतल्या पुढच्याला देणार. मी ताईला परोपरीने सांगितलं, पण पालथ्या घड्यावर पाणी. तुकडा गेला तर ही दिवसभर भिंतीकडे बघत बसेल, या विचाराने माझा जीव तुटत होता.

रविवारी उजाडताच तिचाच जुना खराटा घेऊन मी गुपचूप तिथे पोचले. एक कोपरा झाडला. खाली काळी, ओलसर माती, वळवळणारी गांडुळं आणि बोटभर हिरवे कोंब. माझा हात थांबला.

"खराटा असा धरतात होय गं?" मागे ताई उभी!

मला वाटलं, आता माझी खैर नाही. पण तिने खराटा घेतला, वाटेवरची पानं सपासप ओढून उघड्या कोपऱ्यावर पसरली आणि कडेची रेघ सुतात आणली. जित्याची खोड, दुसरं काय!

सेक्रेटरी वही घेऊन आले. "पानं दिसताहेत."

"मग? पानंच आहेत, पाप नाही!" मी फिस्कारले.

त्यांनी वाकून दोन बोटांनी पानं बाजूला केली. बराच वेळ बघत राहिले. समोर त्यांचा स्वतःचा तुकडा होता. झाडून लख्ख केलेला, पण माती विटेसारखी टणक आणि तण माजलेलं.

"तुमच्याकडे तण कसं नाही?"

"पानांखाली त्याला ऊन मिळत नाही, साहेब," ताई म्हणाली.

त्यांनी वहीत सावकाश काहीतरी लिहिलं. ताईने मान लांब करून वाचलं. 'स्वच्छ.'

ती मटकन बादलीवर बसली. डोळे भरून आले होते.

"तीस वर्षं झाडलं गं मी. हा शब्द कुणी काढला नाही. इथे झाडलं नाही, तर लिहून दिला."

मी तिच्याशेजारी मातीतच बसले. पानं पडत होती. आम्ही दोघींनी एकही उचललं नाही.