अंग येतं

"अंगात येतं व्हय मावशे? मग सांग की, कोंचा देव येतो? लिंबू उतरू का इंजेक्शन देऊ?"

दीपमाला सिस्टरनं हे एवढ्या खड्या आवाजात विचारलं की बायकांचा सगळा वॉर्ड खदखदला. खाटेशी उभा असलेला मावशीचा जावई पुंडलिकही हसला अन मग त्यानं मोबाईलात तोंड घातलं. नव्यानं भरती झालेल्या गोजरबाईनं पदर पुढं ओढला. त्यानंतर काहीही विचारा, जेवण, झोप, लघवी, तिचं एकच: "बरं हाय. काय नाय मला. घरी जाते."

दीपमाला शेंद्र्याकडच्या मेंढपाळाची लेक. दवाखान्यात तिच्या बोलीचा लई दबदबा. खेड्यातली बाई डॉक्टरला उमगली नाय की हाक हिलाच. तिच्या आजीच्या, बानाबाईच्या अंगात दर अमावस्येला वारं यायचं. त्यामुळं कान आपसूक तिकडंच घसरला.

गोजरबाई गाठोडं घेऊन उठली, तवा दीपमालानं बघितलं. बाई पाय फाकवून, ओटीपोट तळहातानं तोलत चालली होती. बाई 'अंगात येतं' म्हणालीच नव्हती. 'अंग येतं' म्हणाली होती. गर्भाची पिशवी खाली उतरून बाहेर डोकावते, त्याला खेड्यातली बाई दुसरं काय म्हणणार? हे कळायला दीपमालाला कॉलेजात जायची गरज नव्हती. तिची आईही तसंच म्हणायची.

तिनं पुंडलिकला चहाला पिटाळलं अन गोजरबाईला पडद्याआड नेलं.

"मावशे, कवापासनं येतंय अंग?"

"आता गं का बारीक आवाज? मघा तर नरड्यात भोंगा होता."

"चुकलं माझं."

"जावयापुढं मला भगतीण केलीस. उद्या सोयऱ्याधायऱ्यात सांगत फिरंल त्यो. अन खरं काय ते मला त्याला सांगता येतंय व्हय? आधी ते निस्तर, मग इचार."

दीपमाला बाहेर आली. पुंडलिक चहाचे कप घेऊन परतला होता. सगळ्या खाटा तिच्याकडंच बघत होत्या.

"पाव्हणं," ती म्हणाली. "तुमच्या सासूबाईंच्या अंगात काय येत नाय. बायकांचं दुखणं हाय. मीच नीट आयकलं नाय, वर टिंगल केली. माफी असावी."

"सिस्टर, आधी तुमचे कान दाखवा डॉक्टरला!" कोपऱ्यातून कुणीतरी म्हणालं. वॉर्ड पुन्हा खदखदला. पुंडलिक हसला नाय. "बरं," एवढंच म्हणून त्यानं कप खाली ठेवले.

पडद्याआड गोजरबाईनं भिंतीकडं तोंड करून सांगितलं. धाकटी लेक झाली त्या बाळंतपणापासनं येतंय. खोकलं की लघवी सुटती. फडकं कोंबून मेंढरांमागं चालते. दीपमाला लिहीत गेली. बाईनं एकदाबी तिच्याकडं बघितलं नाय.

डॉक्टरीणबाई तपासायला आल्या.

"मी थांबू का मावशे?"

"नगं. दुसरी कुणी धाड."

दुसरीला आत धाडून दीपमाला पुढच्या खाटेशी गेली. तिथली बाई अजून पदरात हसू दाबत होती. दीपमालानं तिच्या दंडाला बीपीचा पट्टा गुंडाळला.

"हात सैल सोडा," ती म्हणाली, अन फुगा दाबू लागली.